इंद्रायणीची गोष्ट

आपल्या भागात भात हेच मुख्य पीक. आंबेमोहराला सुवास छान. पण रोप उंच, वाऱ्यापावसात लोळणारे. ‘आय.आर. ८’ बुटके आणि भरघोस पिकणारे. या दोहोंच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली ‘इंद्रायणी’ दिली. २००९ मध्ये आलेले ‘स्वर्णा-सब १’ तर सुमारे दोन आठवडे पुराच्या पाण्याखाली तग धरते.

पण असे संशोधन इंग्रजी अहवालातच राहिले, तर बांधावरच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? उद्याच्या शास्त्रज्ञाला ते मायबोलीत सांगता आले पाहिजे, असे आम्हाला वाटते. सुरुवात घरापासून करूया. विज्ञानाचा धडा आजोबांना समजावून सांगा आणि त्यांच्या शंका वहीत टिपून शाळेत आणा.