दहा मिनिटांच्या पदार्थांची वर्षभराची तयारी

मुंबई-ठाण्याच्या दुकानांत आणि घराघरांत पोहोचणारी खाऊची बरीच पाकिटे आधी भिवंडी तालुक्यात मुक्काम करतात. मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, अंजूरफाटा या पट्ट्यात गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. नूडल्स, वेफर्स, बिस्किटे, ‘फक्त पाणी घाला’ म्हणणारी तयार पिठे, सगळ्यांची खोकी इथूनच गाड्यांत चढतात. याच गावांतल्या स्वयंपाकघरांत संध्याकाळी सहाच्या भुकेला काय शिजते, हे पाहिले की वेगळे चित्र दिसते. कुठे तव्यावर घावन पडते, कुठे कांदा-जवळा परतला जातो, कुठे थालीपीठ थापले जाते, तर कुठे रात्रीच्या उरलेल्या भाताला राई-मिरचीची फोडणी मिळते.

घरच्या सोप्या पदार्थांचा आढावा घ्यायचा, तर भिवंडीइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. 2011च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती नोंदवलेले हे शहर यंत्रमागावर वाढले. इथे जुने रहिवासी कोकणी मुसलमान आहेत, भोवतालच्या गावांत आगरी, कोळी, कुणबी आहेत, डोंगराच्या बाजूला वारली आणि कातकरी पाडे आहेत. मागांबरोबर उत्तर प्रदेशातले मोमीन-अन्सारी विणकर आले, तेलंगणातला पद्मशाली समाज आला. पद्मानगर हा त्यांचा भाग. मागावरची पाळी बारा तासांची. घरातला एक माणूस सकाळी सातला निघतो, तर दुसरा त्याच वेळी परततो. अशा घरांत जेवणाची वेळ एक नसते. त्यामुळे कोणत्याही वेळी, एका माणसासाठीही, पटकन होईल असे काहीतरी लागतेच.

या पदार्थांना आपण ‘झटपट’ म्हणतो. ते झटपट होतात हे खरे, पण झटपट होण्यामागे बरेच काम आधी झालेले असते आणि त्याची दखल पाककृतीत क्वचितच घेतली जाते.

भाजणीच पाहा. थालीपीठ वीस मिनिटांत पानात पडते. त्याआधी बाजरी, ज्वारी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे हे सारे निवडून, वेगवेगळे भाजून, गार करून गिरणीत गेलेले असते. प्रमाण घराघराचे निराळे. साधारण हिशेब असा की धान्ये जास्त आणि डाळी त्यांच्या निम्म्या. सगळे एकदम कढईत ओतून चालत नाही. तांदूळ लवकर रंग धरतो, डाळीला आच मुरायला वेळ लागतो, धणे तर क्षणात करपतात. नीट भाजल्याने धान्यातला ओलावा जातो, म्हणून पीठ दोन-तीन महिने टिकते. शिवाय ते अर्धे शिजलेलेच असते, म्हणून तव्यावर पटकन होते. ‘सोपा’ पदार्थ सोपा करण्याचे काम त्या भाजण्यात झालेले असते.

पद्मानगरातल्या तेलुगू घरांत सर्वपिंडी होते, ती थालीपिठाची सख्खी बहीण शोभावी. तांदळाचे पीठ, भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाण्याचे जाडसर कूट, तीळ, कांदा, मिरची, कढीपत्ता हे सारे घट्ट मळून तेल लावलेल्या भांड्याच्या तळालाच थापायचे. थापले की बोटाने भोके पाडायची, प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडायचा, झाकण ठेवायचे आणि आच मंद करायची. खालची बाजू खरपूस, वरची वाफेवर शिजलेली. उलटायची गरजच नाही. थालीपीठ थापणाऱ्या बाईला ही भोके आणि हे तेल शिकवावे लागणार नाही. एकीकडे मिश्र भाजणी, दुसरीकडे तांदळाचे पीठ, पण हात तोच फिरतो. वारंगळ-करीमनगरकडचा हा पदार्थ मराठी घरांत अजून फारसा शिरलेला नाही. तो शिरायला हवा, कारण लागणारे सगळे साहित्य आपल्या फडताळात आधीच असते.

तांदूळ हा इथला पायाच. शेजारच्या वाड्याच्या कोलमला 2021मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भिवंडी-वाडा रस्त्याने तो तांदूळ या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येतो आहे. एकाच पिठाचे किती प्रकार होतात! पातळ भिजवले की घावन, ताकात शिजवून मिरची-लसणाची फोडणी दिली की उकड, कढत पाण्यात मळले की भाकरी. कोकणी मुसलमान घरांत त्याच तांदळाचे पानपोळे होतात आणि नारळाच्या रसाबरोबर खाल्ले जातात. सांदण मात्र या यादीत बसत नाही. तांदूळ आंबवून वाफवायचे ते सवडीचे काम आहे, घाईचे नव्हे.

आगरी घरची भाकरी मुद्दाम पाहण्यासारखी असते. पाण्याला उकळी आली की मीठ घालायचे, पीठ सोडायचे, एकदाच ढवळून झाकायचे. ही उकड गरम असतानाच परातीत घेऊन तळहाताच्या टाचेने रगडायची. रगडण्यात कसूर झाली तर भाकरीच्या कडा फाटतात. मग गोळा पाण्याच्या हाताने गोल फिरवत पसरवायचा. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटणे आणि शेवटी थेट विस्तवावर. फुगली की पापुद्रा सुटतो. शिकायला वर्ष-दोन वर्षे लागतात. एकदा हातात बसली की पाच माणसांच्या भाकऱ्या वरण उकळेपर्यंत होतात.

तिच्याबरोबर जवळा किंवा सुकट. राज्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. त्या दिवसांत काल्हेर-कशेळीसारख्या खाडीकाठच्या गावांना मे महिन्यातल्या उन्हात वाळवलेली मासळीच तारते. जवळा कोरडाच तव्यावर भाजावा, चाळून त्याच्या मिशा आणि कचरा काढावा, पाण्यातून झरझर धुवावा. तेलात भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद. कांदा मऊ झाला की जवळा आणि आंबटाला कोकम किंवा कैरीची फोड. झाकण ठेवून पाच मिनिटे. एवढ्या थोड्या खर्चात आणि एवढ्या कमी वेळात इतकी चव देणारा दुसरा पदार्थ या पट्ट्यात नाही.

पाड्यांवर नागलीची भाकरी आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू. कांदा, मिरची, मीठ, की भाजी तयार. शेवळे मात्र घाईने करू नयेत. काकड्याची फळे किंवा चिंच घालून नीट शिजवली नाहीत, तर घशाला खाज सुटते.

यंत्रमाग कामगारांतले हजारो लोक कुटुंब गावी ठेवून आलेले. त्यांचे जेवण भिशीत, म्हणजे महिन्याचे पैसे ठरवून दोन वेळचे ताट देणाऱ्या खाणावळीत. दोन ताटांच्या मधली भूक भागवायला पूर्वांचलातून आणलेला सत्तू असतो. भाजलेल्या हरभऱ्याचे हे पीठ पाण्यात कालवले, त्यात कांदा, मिरची, लिंबू, मीठ घातले की चूल न पेटवता पोट भरते. मराठी घरातले मेतकूट याच कुळातले. तेही भाजलेल्या डाळींचेच. मऊ भात, तूप आणि चमचाभर मेतकूट एवढ्यावर आजारी माणसापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांची सोय होते. 2020च्या टाळेबंदीत माग थांबले, भिश्या बंद पडल्या आणि कामगारांचे तांडे नाशिक महामार्गाने गावाकडे चालत निघाले. न शिजवता खाता येणाऱ्या अन्नाचे मोल तेव्हा उभ्या महाराष्ट्राने पाहिले.

रमजानात विणकरांच्या वस्त्यांत काळ्या चण्यांची घुगनी घरोघर होते. चणे रात्री भिजवलेले असले की इफ्तारीआधी कुकरच्या काही शिट्ट्या आणि कांद्या-टोमॅटोची फोडणी पुरते. इथेही काम आदल्या रात्रीच सुरू झालेले असते.

पोह्यांबद्दल वेगळे सांगायला नको. एवढेच लक्षात घ्यावे, की भात भिजवून, भाजून, कांडून पोहे होतात. ते शिजवण्याचे निम्मे काम पोहेवाल्याने केलेले असते. मराठवाड्याकडची मंडळी चुरमुरे भिजवून त्यांचा सुशीला करतात, तेही याच न्यायाने. उरलेल्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात तर कुणी मुद्दाम शिकवलेलेच नसतात. तरी ज्या घरात ते चांगले होतात, त्या घरची मुले त्यासाठी पोळ्या जास्त करायला लावतात.

मराठीत पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे. 1875मध्ये ‘सूपशास्त्र’ छापले गेले, 1910मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले, 1970मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप दिले आणि नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना ‘अंदाजे’च्या जाचातून सोडवले. तिचे हे ऋण मोठे आहे. आता हातातल्या मोबाइलवर प्रत्येक पदार्थाची चित्रफीत मिळते आणि भिवंडीतली मुलगी पूर्वांचलातली लिट्टीही शिकते, सर्वपिंडीही शिकते. पण या चित्रफितींत ‘एक वाटी भाजणी’ टेबलावर तयार असते. ती कुणी भाजली, किती वेळ, किती आचेवर, हे दिसत नाही. नेमके तेच ज्ञान घराघरांतून हरवते आहे.

ते हरवण्याचे कारण आळस नाही. भाजायला, वाळवायला, निवडायला लागणारा वेळ आजवर एकट्या बाईच्या वाट्याला आला. ती गोदामात पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली, शिवणकाम घेऊ लागली, तेव्हा तो वेळ संपला. त्या जागी पाकीट आले. पाकिटाला दोष देऊन काही साधणार नाही. भाजणीच्या कढईपाशी घरातली बाकीची माणसे उभी राहिली, तरच हे पदार्थ टिकतील. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला स्वतःचे थालीपीठ स्वतः लावता आले पाहिजे, आणि दहावीतल्या मुलाला जवळा परतता आला पाहिजे. यात अवघड काही नाही.

यंदा चकलीसाठी भाजणी भाजाल, तेव्हा कढई उतरवण्याआधी थालीपिठाचीही दोन किलो भाजून घ्या. मुलांना ढवळायला बसवा, आईने किंवा सासूबाईंनी सांगितलेले प्रमाण वहीत वाटीच्या मापाने उतरवून ठेवा. शेजारी तेलुगू घर असेल, तर सर्वपिंडीला डाळ किती वेळ भिजवायची ते विचारून घ्या. आणि दिवाळीनंतर नवा तांदूळ बाजारात आला, तरी घावनासाठी जुनाच दळून आणा. नव्या तांदळाला चिकटपणा जास्त असतो, त्याचे घावन तव्याला धरते.