लाल दिव्याची चिठ्ठी

तारेच्या टोकाला : भाग ७

मशीन तक्रार कशी करतं ते मागच्या भागात पाहिलं. देखरेखीचं सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी दारोदार विचारत फिरतं, किंवा डबा स्वतःहून ओरडतो. १९८८ साली एसएनएमपीची रीत ठरली, तिच्यात या ओरडण्याला ट्रॅप म्हणतात. आता ऐकणाऱ्याचं बघू. त्यानं करायचं काय?

समजा, पांढुर्ण्याहून जाम नदी ओलांडून एका केबलवाल्याचं फायबर सावरगावात गेलंय. रात्रीचे अडीच. ऑफिसात एकटा पोट्टा, कामाला लागून तीन महिने झालेला. मोबाइल वाजतो : ‘ओएनटी १/३/१७, एलओएस’. ओएनटी म्हणजे घरातला डबा, आकडे म्हणजे कितवं कार्ड, कितवं पोर्ट, कितवं घर, आणि एलओएस म्हणजे उजेड पोचत नाही, डब्यावरचा दिवा लाल. एवढं त्याला शिकवलेलं असतं. पुढचं माहीत नसतं, म्हणून तो मालकाला उठवतो. मालक झोपेतच विचारतो, “काऊन बे, डाइंग गॅस्प आला होता का आधी?” पोट्टा गप्प.

सगळी मेख त्या प्रश्नात आहे. घरातली वीज गेली की डबा विझता विझता, पोटातल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या चिमूटभर विजेवर, काही मिलिसेकंदांत मुख्य मशीनला शेवटचा निरोप धाडतो : माझी लाइट गेली. हाच डाइंग गॅस्प. आपण त्याला आचका म्हणू. आचका देऊन गेला असेल तर लाइट गेली असेल, किंवा कुणी चार्जर लावायला प्लग उपटला असेल. शिडी काढायचं कारण नाही. आचका न देताच गेला, तर आधी फायबरवर संशय. मग दुसरा प्रश्न, त्याच पोर्टवरची बाकीची घरं चालू आहेत का? एकच घर गेलं असेल तर खांबावरून दारात उतरणारी तार बघायची. सगळी एकदम गेली असतील तर मुख्य केबल, आणि तिथं बहुतेकदा जेसीबी उभा सापडतो. एका मिनिटात दहाबारा आचके आले तर विजेची डीपी उडाली समजा.

मालकाच्या डोक्यात हे बसायला वर्षं गेली. पोट्ट्याच्या मोबाइलवर ते दोन ओळींत पोचू शकलं असतं, आणि सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी त्याची सोय केव्हाच करून ठेवली आहे. नागिओस हे जुनं सॉफ्टवेअर, १९९९ मध्ये नेटसेंट या नावानं निघालेलं. त्यात प्रत्येक तपासणीला ‘नोट्स यूआरएल’ नावाचा रकाना आहे, सूचनांच्या पानाचा पत्ता लिहायला. झॅबिक्समध्ये ट्रिगरला पत्ता जोडता येतो. प्रोमिथियसच्या नियमात ‘रनबुक यूआरएल’ लिहायचा प्रघातच पडलाय. नागिओसमध्ये तर एकच साचा लिहिला की यंत्राचं आणि तपासणीचं नाव त्यात आपोआप भरलं जातं, चारशे इशाऱ्यांसाठी चारशे पत्ते टंकत बसावं लागत नाही. एवढं असून तो रकाना रिकामाच दिसतो. इशारा लावणारा एक, माहिती लिहिणारा दुसरा, आणि रात्री जागणारा तिसराच.

माझं मत जरा कडक आहे. इशारा लावणाऱ्यानंच त्याच बैठकीत, तो वाजल्यावर काय करायचं याची चिठ्ठी लिहावी. काय लिहावं ते सुचत नसेल तर इशारा काढून टाकावा. तो वाजून कुणाचंच भलं होणार नाही. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे अपघाताच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत शंभरावर इशारे वाजले. त्यांची नोंद छापणारा प्रिंटर पुढे दोन तासांहून जास्त मागे पडला. त्यानंतर तिथल्या कामाच्या सूचना नव्यानं बांधल्या गेल्या. आधी बिघाड ओळखा आणि मग त्याचं पान उघडा, ही पद्धत मागे पडली; समोर काय दिसतंय त्यावरून पान उघडायचं ठरलं. आपल्या चिठ्ठीचं नावही तसंच हवं. ‘पीओएन पोर्ट बिघाड’ असं शीर्षक पोट्टा शोधणार नाही, ‘एका घराचा दिवा लाल’ हे शोधेल. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या त्यांच्या पुस्तकात लिहिलंय, की आधी लिहून ठेवलेल्या सूचना हाताशी असल्या तर वेळेवर सुचेल तसं करण्यापेक्षा दुरुस्तीचा वेळ अंदाजे तिपटीनं सुधारतो. आपल्याकडे तिप्पट सोडा, मालकाची झोप वाचली तरी पुष्कळ.

भाषेचाही प्रश्न आहेच. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नवा जिल्हा झाला, पण घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि मशीनवर इंग्रजी हा मामला तसाच राहिला. चिठ्ठी घरातल्या बोलीत लिहावी. “पहिले पाय, लाइन हाय का” यापेक्षा बरी पहिली पायरी मला सुचत नाही.

खरी चिठ्ठी मात्र त्या गावाचीच हवी, कंपनीच्या पुस्तकातून उतरवलेली चालत नाही. ओटीडीआर हे यंत्र फायबरमध्ये प्रकाश सोडतं आणि परत आलेल्या झळाळीवरून तुटक्या जागेचं अंतर सांगतं. समजा ते १,३४० मीटर आलं. नवा माणूस रस्त्यानं तेवढं मोजत जातो आणि चांगल्या केबलखाली उभा राहून डोकं खाजवतो. कारण यंत्र काच मोजतं, रस्ता मोजत नाही. दोन खांबांवर वीस-वीस मीटरची गुंडाळी ठेवलेली असेल तर तुटकी जागा १,३०० च्या आसपास असते. कोणत्या खांबावर किती गुंडाळी आहे, हे चिठ्ठीत नसेल तर कुठेच नसतं.

आणि ती चिठ्ठी ठेवायची कुठे? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा बिघाड शोधायची त्यांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यावर असल्यामुळे बसली होती. सर्व्हर पांढुर्ण्यात, पोट्टा सावरगावात आणि तुटलेली केबल मधल्या पुलावर, असं झालं तर पत्त्यावर बोट दाबून काय उघडणार? एक प्रत मोबाइलमध्ये उतरवलेली असावी, एक छापून स्प्लायसिंगच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली.

त्या छापील प्रतीच्या तळाशी सावरगावची म्हणून एक ओळ हाताने लिहावी लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं, दोन्ही काठांवर गोटमारीला, म्हणजे एकमेकांवर दगड मारायला, माणसं उभी असतात. ‘करीच्या दिवशी नदीकाठचं काम घ्यायचं नाही. ग्राहकाला उद्याचं सांगायचं, लाल दिवा लाल राहू द्यायचा.’