रनटाइम कोणता, हे कोणी ठरवायचे?

7 डिसेंबर 2021 रोजी संयुक्त अरब अमिरातीने सरकारी कार्यालयांची सुट्टी बदलत असल्याचे जाहीर केले. शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस काम, आणि अंमल 1 जानेवारी 2022 पासून. शारजाने तर शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी धरली. शारजात घर आणि दुबईत नोकरी असणाऱ्यांना आठवड्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला. माणसांच्या हाताशी त्यासाठी साडेतीन आठवडे होते. संगणकाला मात्र ही बातमी आपोआप कळत नाही.

जावा या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम चालतो तो ‘रनटाइम’ नावाच्या थरावर. 1995 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली ती याच थराच्या भरवशावर: प्रोग्रॅम एकदा लिहा, कुठल्याही यंत्रावर चालवा. पण या थराच्या पोटात बरेच काही भरलेले असते. कोणत्या देशात तारीख कशी लिहितात, चलन कोणते, आठवडा कोणत्या वारी सुरू होतो, याचे तक्ते त्यात असतात. जुन्या तक्त्यांत अमिरातीचा आठवडा शनिवारी सुरू होतो, नव्यांत सोमवारी. हजेरीचा प्रोग्रॅम या तक्त्यावर विसंबला असेल, तर एकावर जुना आणि दुसऱ्यावर नवा रनटाइम असलेल्या शेजारच्या दोन टेबलांवर तोच प्रोग्रॅम आठवडा वेगवेगळ्या ठिकाणी तोडेल. शिवाय तक्ता देशाचा असतो. शारजाची वेगळी सुट्टी त्यात मावत नाही, ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच लिहायला हवी.

अक्षरांचेही तसेच. अक्षरे साठवण्याच्या पद्धतीला संकेत म्हणतात. अरबी विंडोजच्या जुन्या संकेतात एक अक्षर एका बाइटमध्ये बसते. आजच्या यूटीएफ-8 संकेतात अरबी अक्षराला दोन बाइट लागतात. ‘सलाम’ हा शब्द अरबीत चार अक्षरांचा. जुन्या फाइलमध्ये त्याचे चार बाइट, नव्या फाइलमध्ये आठ. संकेत कोणता ते प्रोग्रॅमने सांगितले नसेल, तर जावा 17 पर्यंतचा रनटाइम सहसा विंडोजचा संकेत धरायचा. मार्च 2022 मध्ये आलेला जावा 18 यूटीएफ-8 धरतो. फाइल तीच, प्रोग्रॅम तोच, पण रनटाइम बदलला की नावांचा चुराडा होतो.

मग जुनाच रनटाइम ठेवावा का? तेही धोक्याचे. जानेवारी 2013 मध्ये जावात इतकी गंभीर त्रुटी सापडली, की अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधला जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. त्याच्याही आधी वेबपानाला स्वतःच सांगता यायचे की मला अमुक जुनी आवृत्ती हवी. म्हणजे दुष्ट हेतूच्या पानालाही नेमकी भोके असलेली आवृत्ती मागता येत होती! निवड पाहुण्याच्या हाती होती, घरमालकाच्या नाही.

सप्टेंबर 2013 मध्ये जावा 7 च्या चाळिसाव्या अपडेटबरोबर ‘डिप्लॉयमेंट रूल सेट’ आला आणि ही निवड कार्यालयाच्या हाती आली. समजा, दुबईतल्या एका कार्यालयाने तीन नियम लिहिले. पहिला: आमच्या सर्व्हरवरून येणारा पगाराचा जुना प्रोग्रॅम जावा 7 वर चालवा. दुसरा: अमुक डिजिटल सही असलेला हजेरीचा प्रोग्रॅम जावा 8 वर चालवा. तिसरा: बाकी सगळे अडवा. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तोच पाळतो. म्हणून ‘अडवा’ चुकून वर गेला, तर पगारही अडकला. ही यादी डिजिटल सही करून, फक्त प्रशासकाला बदलता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवतात. कर्मचाऱ्याने अपडेटच्या खिडकीत काहीही दाबले तरी ती हलत नाही.

सप्टेंबर 2018 मधल्या जावा 11 मधून वेबवरून जावाचे प्रोग्रॅम सुरू करणारे वेब स्टार्ट गेले आणि ही सोयही त्याबरोबर गेली. आता बरेच प्रोग्रॅम आपला रनटाइम सोबत घेऊनच येतात. गोंधळ कमी झाला हे खरे, पण दहा प्रोग्रॅम म्हणजे दहा रनटाइम, आणि प्रत्येकाची सुरक्षा-दुरुस्ती वेगळी. मला जुन्या सोयीतला विचार अजूनही योग्य वाटतो: जुन्याला त्याच्या खोलीत कोंडून ठेवा, बाकी घर अद्ययावत ठेवा, आणि किल्ली एकाच्याच हाती द्या.

तुमच्या कार्यालयात कुठेतरी एक यादी असायला हवी: प्रोग्रॅम कोणता, रनटाइमची आवृत्ती कोणती, ती कोणी ठरवली, शेवटची कधी तपासली. नसेल तर या आठवड्यातच करायला घ्या.