कुलूपबंद मराठी

शिशाचे खिळे मागे पडून पुण्याच्या पेठांत डीटीपीची दुकानं उघडली, त्याला तीसेक वर्षं झाली. तेव्हाची पुस्तकं, स्मरणिका, दिवाळी अंक आजही कपाटातून काढून वाचता येतात. त्यांच्या फायली मात्र हाती लागूनही वाचता येत नाहीत. म्हणून काही जण अडगळीतला पेंटियम झाडूनपुसून त्यावर विंडोज ९८ चढवतात. घरचे याला खूळ म्हणतात. असेलही, पण मराठीच्या कामाचं खूळ आहे.

खरं तर नीट सोय तेव्हाही होती. सी-डॅक १९८८ साली पुण्यातच स्थापन झालं आणि कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं जिस्ट हे लिपितंत्र तिथे वाढलं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१मध्ये ठरलं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरच बेतलेली होती. पण छापखान्याला हवी होती देखणी अक्षरं, आणि तीही लगेच. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, खुद्द सी-डॅकच्या आयएसएममधले सुरेख, योगेश असे फॉन्ट यांनी ती दिली. इंग्रजीसाठी केलेल्या २५६ घरांत देवनागरीचे तुकडे बसवले गेले: अर्धा ग, काना, रफार, वेलांटी. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. फॉन्ट काढून घेतला की उरतो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा.

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या घरी ठेवलेल्या माझ्या जुन्या संगणकात गडाच्या वाटांची टिपणं अशीच अडकली होती. ‘किल्ला’ या शब्दात फाइलमध्ये आधी वेलांटी येते, मग क. डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. आपण बोलतो त्या क्रमाने. त्यामुळे ‘चोर दरवाजा’ कुठे आलाय ते शोधायचं तर सगळी पानं डोळ्यांखालून घालावी लागतात.

राजगडाच्या पायथ्याचा पावसाळा यंत्राला मानवत नाही. ते पुन्हा सुरू करायचं तर आधी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे. मदरबोर्डवरचा गोल सेल बदलायचा, नाहीतर तारीख आणि बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. मग बूट फ्लॉपी. ‘एफडिस्क’ मोठ्या डिस्कची सोय हवी का विचारतं, तिथे ‘वाय’ दाबायचं; पार्टिशन ‘अ‍ॅक्टिव्ह’ करायला विसरलात तर पुढे यंत्र सुरूच होत नाही. अर्थात यात डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून जुनी डिस्क बाजूला काढून हे सारं दुसरीवर करायचं. फॉरमॅट झालं की सीडीवरचं ‘विन९८’ फोल्डर आधी डिस्कवर उतरवून तिथूनच सेटअप चालवावा. दर ड्रायव्हरमागे सीडी मागण्याची विंडोजची खोड त्याने मोडते. डिस्प्लेचा ड्रायव्हर मिळेपर्यंत सोळा रंगांवर भागवायचं.

फायली आणायच्या कशा, हा पुढचा पेच. विंडोज ९८ला पेन ड्राइव्ह आपणहून ओळखता येत नाही. त्या-त्या ड्राइव्हचा ड्रायव्हर लागतो. त्यापेक्षा सीडी लिहिलेली बरी. मूळ फॉन्ट टाकून पानं जुळवायचा पेजमेकर उघडला की पान जसंच्या तसं समोर येतं. ते नुसतं वाचायला एवढं पुरतं, नव्या विंडोजवरही बऱ्याचदा जमतं. टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालवायचं झालं की खरी अडचण येते. अशा कित्येक सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं ‘लॉक’ लागायचं. आजच्या संगणकाला ते पोर्टच नसतं आणि जुन्या लॉकचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाहीत. ज्याने पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलं तोच आज कुलपाबाहेर उभा आहे.

विंडोज २०००मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली, तरी छपाईचा धंदा पुढे बरीच वर्षं जुन्याच फॉन्टवर चालला. आता फायली बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरांत ते घसरतात. मुद्रितशोधन चुकत नाही.

म्हणून प्रेसवाल्यांना आणि प्रकाशकांना एक विनंती. दुकानातला जुना संगणक अजून सुरू होत असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी फायलींची एक प्रत पीडीएफमध्ये आणि एक युनिकोडमध्ये काढा, आणि फायलींसोबत त्यांचे फॉन्टही जपून ठेवा.