सोला टोपी आणि उकळलेले पाणी

'देश तसा वेश' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्याला याहून थोडक्यात सल्ला देता येणार नाही. परंतु थंड हवेच्या देशातून उष्ण कटिबंधात येऊन राहिलेल्या माणसांनी हा सल्ला कितपत मानला, हे पाहू लागले म्हणजे मौज वाटते आणि खेदही होतो. कारण येथे प्रश्न केवळ पोशाखाचा नव्हता, प्राणांचा होता. हिंदुस्थानात आलेले इंग्रज हे याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण होय.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने येथील गोऱ्या लोकांत रूढ असलेली एक म्हण नोंदवून ठेवली आहे. येथे आलेल्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असा तिचा आशय. ही अतिशयोक्ती मानावी, तर पुढचे आकडेही तिलाच दुजोरा देतात. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या शिपायांचे वार्षिक मृत्युमान दर हजारी ६९ दिले आहे. यांतील बहुतेकांना शत्रूची गोळी लागली नव्हती. ताप, हगवण, पटकी आणि यकृताचे विकार यांनीच ते गेले.

मग नव्याने येणाऱ्याला सल्ला काय दिला जाई? पहिला सल्ला उन्हाचा. येथील सूर्यकिरण कवटीतून आरपार जाऊन मेंदूला इजा करतात, अशी समजूत होती. म्हणून भेंडासारख्या हलक्या गराची सोला टोपी डोक्यावर हवीच. काही जण पाठीच्या कण्यावरही जाड कापडाची गादी बांधीत. दुसरा सल्ला पोटाचा. पोटाला गारवा लागला की पटकी होते, असे मानून कमरेला फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळीत. भर उन्हाळ्यात लोकरीचा पट्टा!

वास्तविक पटकीचा संबंध दूषित पाण्याशी आहे, हे जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ साली लंडनमध्ये दाखवून दिले होते. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यातील तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले. तरीही तो पट्टा पहिल्या महायुद्धापर्यंत शिपायांच्या कमरेला टिकून होता. सोला टोपी तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. ब्रह्मदेशाच्या जंगलात साध्या कापडी टोप्या घालून सैनिक लढले आणि त्यांच्या मेंदूला काही झाले नाही, तेव्हा कोठे तिचे दिवस भरले. टोपीने सावली मिळते, हे खरेच. पण माणसे मरत होती ती पाण्याने आणि डासांनी. पुढे मृत्युमान उतरले त्याला स्वच्छ पाणी, गटारे, हवेशीर बराकी आणि औषधे यांचा मोठा हातभार लागला.

मलेरियाची कथाही अशीच बोधप्रद आहे. या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी 'वाईट हवा'. दलदलीतून रात्री विषारी वाफा निघतात, म्हणून तिन्हीसांजेला खिडक्या लावाव्यात, असा सल्ला होता. कारण चूक, पण खिडक्या लावल्याने डास बाहेर राहत आणि सल्ला थोडाफार लागू पडे! सिंकोनाच्या सालीचा गुणही रोगाचे कारण कळण्याच्या कितीतरी आधी ठाऊक झाला होता. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले, आणि मच्छरदाणी ही केवळ सुखनिद्रेची सोय नसून प्राणरक्षणाचे साधन आहे, हे सिद्ध झाले.

याचा अर्थ पाहुण्यांनी येथील लोकांकडून काहीच घेतले नाही, असे नव्हे. बंगला, व्हरांडा, छताचा पंखा आणि वाळ्याचे पडदे त्यांनी उचलले. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून वारा आला की पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. मात्र ही युक्ती उत्तरेकडच्या कोरड्या उन्हाळ्यातली. मुंबईच्या दमट हवेत पाणी लवकर सुकतच नाही, म्हणून तेथे तिचा उपयोग फार थोडा. तेव्हा सल्ला येथल्या माणसाचा असला, तरी तो नेमका कोणत्या गावचा, हेही पाहावे लागते. ज्यांना परवडे ते उन्हाळ्यात डोंगरावर जात. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कमने महाबळेश्वरला वसवलेली माल्कम पेठ त्यासाठीच होती.

संसाराच्या बाबतीत फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींचे पुस्तक प्रसिद्ध आहे. ते १८८८ च्या सुमारास निघाले आणि नव्या मडमांच्या घरोघरी वापरले गेले. घर चालवायचे तर आधी येथली भाषा शिका, असे त्यात बजावले आहे. सल्ला सोन्यासारखा, पण ती भाषा मुख्यतः हुकूम सोडण्यासाठी शिकायची, आणि चाकरमाणसे म्हणजे मोठी झालेली मुलेच, ही वृत्तीही त्याच पानांतून दिसते. ज्याला आपण मूल समजतो, त्याला आपण काही विचारीत नाही. आणि विचारले नाही, की शिकणेही खुंटते.

आज पारडे फिरले आहे. आपल्याकडील तरुण सिंगापूरला, मलेशियाला, पूर्व आफ्रिकेला जातात. थंड देशांतले विद्यार्थी पुण्यात येऊन राहतात. त्या सर्वांसाठी या इतिहासातून निघणारा सल्ला छोटा आहे. अंगाला उष्णता सोसायला एक-दोन आठवडे लागतात; तेवढे दिवस भर दुपारी कष्टाचे काम टाळावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. पाण्याची खात्री नसेल तर ते उकळावे. रात्री मच्छरदाणी लावावी. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, म्हणून पिंप झाकून ठेवावे व आठवड्यातून एकदा कोरडे करावे. कपडे सैल, सुती आणि अंगभर असावेत. ताप आला तर अंगावर काढू नये; डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे.

आणि पहिल्याच दिवसापासून भाषा शिकावी; ती हुकूम सोडण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी. पाणी कोठून आणता, दुपारी कोठे बसता, पावसाळ्यात काय खाता, हे प्रश्न शेजाऱ्याला विचारता आले, तर अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे मिळालेले उत्तर पारखून घेणे. शेजारीही चुकू शकतो, आणि आपल्या गावाहून आणलेला सल्लाही. भीतीने डोक्यावर चढवलेली टोपी उतरायला शंभर वर्षे लागली; विचारायला आणि पारखायला एवढा वेळ लागत नाही.