पिट्स स्पेशल: उलट्या उड्डाणातील इंजिन

कसरती उड्डाणासाठी बांधलेल्या छोट्या विमानांत अमेरिकेतील पिट्स स्पेशल या दुपंखी विमानाचे स्थान फार मानाचे आहे. कर्टिस पिट्स यांनी १९४० च्या दशकाच्या मध्यात त्याचा पहिला नमुना बांधला. पुढे कसरती वैमानिक बेटी स्केल्टन यांनी गाजवलेले ‘लिटल स्टिंकर’ हे त्याच कुळातले विमान आज वॉशिंग्टनजवळच्या उड्वार-हेझी संग्रहालयात उलटे टांगलेले आहे, आणि १९७२ साली फ्रान्समधील जागतिक स्पर्धेत पिट्स विमाने घेऊन उतरलेल्या अमेरिकी संघाने अजिंक्यपद मिळवले. त्याच्या चपळाईचे कौतुक पुष्कळ झाले आहे, परंतु या विमानाची खरी कसोटी इंजिनाकडे इंधन आणि तेल नेणाऱ्या नळ्यांची असते. अशा विमानाचे इंजिन हवेत बंद पडले, तर कारणाचा शोधही तिथूनच सुरू करणे योग्य ठरते.

साध्या विमानाची सारी इंधनव्यवस्था द्रव पदार्थ तळाशी साचतो या एका गृहीतकावर उभी असते. विमान उलटे उडू लागले किंवा त्याचे नाक झपाट्याने खाली दाबले गेले, की वैमानिक आसनावर न टेकता पट्ट्यांना लोंबकळतो. या अवस्थेला ऋणभार म्हणतात आणि त्या वेळी टाकीतले इंधनही छताकडे धाव घेते. कार्ब्युरेटरमधील तरंगत्या गोळ्यावर चालणारी झडप अशा वेळी भलतेच वागते. १९४० साली ब्रिटनवरील हवाई लढाईत स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनांना याच दोषाने ग्रासले होते, तर थेट इंधन फवारणाऱ्या जर्मन मेसरश्मिटला त्याची झळ लागत नव्हती. बिअट्रिस शिलिंग या अभियंतीने पुढच्या वर्षी इंधनाचा लोंढा आवरणारी छिद्राची लहानशी चकती बसवून त्या संकटाची धार कमी केली. पिट्सच्या एस-२ए आणि एस-२बी या प्रकारांत अनुक्रमे २०० आणि २६० अश्वशक्तीची लायकॉमिंग इंजिने आहेत आणि त्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंधन-फवारणी असल्याने तो प्रश्न सुटतो. टाकीतून इंधन उचलण्याचा प्रश्न मात्र उरतोच. त्यासाठी टाकीत टोकाला वजन लावलेली लवचीक नळी सोडलेली असते आणि इंधन जिकडे सरकेल तिकडे तिचे तोंड आपोआप वळते. वर्षानुवर्षे पेट्रोलात बुडून ही नळी ताठर झाली, तर सरळ उड्डाणात काहीही जाणवत नाही आणि विमान उलटे होताच इंजिन हवा ओढू लागते. जमिनीवरच्या नेहमीच्या इंजिन-चाचणीत हा दोष दिसतच नाही, म्हणून टाकी उघडून नळीची लवचीकता पाहणे हे कंटाळवाणे काम इतर कोणत्याही तपासणीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

तेलाची गोष्ट याहून नाजूक आहे. इंजिनाच्या तळाशी असलेल्या कुंडातून तेल ओढले जाते. विमान उलटले की पोलादी गोळ्यांची झडप आपल्याच वजनाने सरकून वरच्या बाजूचा मार्ग खुला करते. विमान सरळ उभे चढत असताना किंवा एका कुशीवर असताना मात्र गोळ्या क्षणभर अधांतरी राहतात आणि तेलदाबाचा काटा खाली झुकतो. याच तेलाच्या दाबावर प्रोपेलरच्या पात्यांचा कोनही ठरत असल्याने येथे रचनाकारांनी एक सुंदर उलटापालट केली आहे: सामान्य एक-इंजिनी विमानात दाब गेला की पाती कमी कोनाकडे वळतात आणि इंजिन मर्यादेबाहेर फिरण्याचा धोका असतो, परंतु कसरती विमानात वजने लावून पाती अधिक कोनाकडे वळतील अशी सोय असते, त्यामुळे इंजिन भरधाव न सुटता जड होऊन मंदावते.

विमान कोलांट्या घेते तेव्हा वेगाने फिरणारा प्रोपेलर दिशाबदलाला विरोध करतो आणि तो सारा ताण क्रँकशाफ्टच्या पुढच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, येतो. तिथे तडा वाढत गेला, तर अख्खा प्रोपेलर निखळू शकतो. मग शक्ती तर जातेच, शिवाय नाकावरचे वजन गेल्याने विमानाचा तोल शेपटीकडे ढळतो. हलकी लाकडी किंवा संमिश्र पदार्थांची पाती हा ताण कमी करतात, पण त्यांचे जडत्व कमी असल्याने मंद गतीच्या गिरकीत प्रोपेलर थांबण्याची शक्यता वाढते. स्टार्टर नसलेल्या पिट्समध्ये तो पुन्हा फिरवण्यासाठी सूर मारावा लागतो आणि त्या सुरात उंची खर्ची पडते.

इंजिन गेल्यानंतर काय साधेल, हे त्या क्षणी हाती किती वेग आणि किती उंची आहे यावर ठरते. ताशी २९० किलोमीटर वेगाने जमिनीलगत जाणाऱ्या विमानाने वर झेप घेऊन वेग निम्म्यावर आणला, तर हवेचा रोध न धरता सुमारे २५० मीटर उंची मिळू शकते. प्रत्यक्षात ती कमी भरते, तरी उतरण्याची जागा निवडायला थोडा अवधी मिळतो. कमी उंचीवरच्या लूपच्या माथ्यावर, वेग संपत आलेला असताना, असा साठा हाती नसतो. दोन पंखांच्या, आधारकांड्यांच्या आणि तारांच्या रोधामुळे पिट्स तीव्र उतारानेच खाली येते आणि उतरताना लांबलचक नाकापुढचे काही दिसत नाही. मऊ शेतात चाके रुतून ते उलटले, तर छत उघडून बाहेर पडणेही अवघड होते. अमेरिकी नियमांनुसार कसरती १५०० फुटांच्या वरच कराव्या लागतात, मात्र हवाई प्रदर्शनांतील पात्र वैमानिकांना विशेष परवानगीने याहून खाली येता येते, आणि प्रेक्षकांना सर्वाधिक भावणाऱ्या त्या पट्ट्यात पॅराशूट उघडण्याइतकी उंची बहुधा उरलेली नसते.