यंत्रमानवापलीकडचे पारितोषिक

स्पर्धा यंत्रमानवांची, पण तिच्यातील सर्वोच्च सन्मान यंत्रमानवासाठी दिला जात नाही. अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धेचे हे वेगळेपण कृषी विस्ताराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. संशोधक डीन केमन यांनी 1989 मध्ये ही संस्था स्थापन केली आणि 1992 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघांची पहिली स्पर्धा भरली. आज त्या स्पर्धेचे स्वरूप एखाद्या मोठ्या क्रीडामहोत्सवासारखे झाले आहे. विद्यार्थ्यांनी बांधलेली धिप्पाड यंत्रे मैदानात एकमेकांना भिडतात आणि प्रेक्षागृह दणाणून जाते. मात्र सर्वांत मानाचे पारितोषिक मिळते ते आपल्या परिसरात विज्ञानाची गोडी रुजविणाऱ्या संघाला. पूर्वी ‘चेअरमन्स अवॉर्ड’ म्हणून ओळखले जाणारे हे पारितोषिक 2023 च्या हंगामापासून ‘इम्पॅक्ट अवॉर्ड’ या नावाने दिले जाते.

पारितोषिक आले की आकडेवारी येते आणि आकडेवारीबरोबर ती फुगविण्याचा मोहही येतो. जत्रेत यंत्रमानव उभा केला, हजारभर माणसे समोरून गेली, की ‘हजार जणांपर्यंत पोहोचलो’ असे लिहायला संघ मोकळा! यावर संस्थेने शोधलेला उपाय मोठा मार्मिक आहे. प्रसारकार्याचे वर्णन करताना वापरावयाच्या शब्दांच्या व्याख्याच तिने ठरवून दिल्या. लोकांपर्यंत ‘पोहोचणे’ वेगळे, एखाद्या संघाला प्रसंगी ‘साहाय्य करणे’ वेगळे आणि ‘मार्गदर्शन करणे’ त्याहून वेगळे. मार्गदर्शन म्हणवून घ्यायचे तर संपर्क सातत्याचा हवा; एखाद्या दिवसाची भेट पुरत नाही. शिवाय ज्या संघाला मार्गदर्शन केले, त्यालाही ते मान्य असावे लागते.

विस्तार कार्यकर्त्याला हा भेद नवा वाटणार नाही. मेळाव्याची उपस्थिती आणि तंत्रज्ञानाचा अवलंब यांतील अंतर तो रोज पाहत असतो. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले, तेव्हापासून पीक प्रात्यक्षिकामागची दृष्टी हीच राहिली आहे: शेतकऱ्याने आपल्याच शेतात, आपल्याच डोळ्यांनी पाहावे, आणि पुढच्या हंगामात कोणी न सांगता पुन्हा करावे. प्रात्यक्षिकाचा फलक निघाल्यावर शेतात काय उरते, यावरच खरे मूल्यमापन होते. हा निकष आपण कागदावर मान्य करतो. अहवाल लिहिताना मात्र आपली लेखणीही उपस्थितीच्या रकान्यातच अधिक रमते, हे कबूल केलेले बरे.

अशा शिक्षणातून काय उरू शकते, याचे एक उदाहरण अफगाणिस्तानातील हेरात शहरातून आलेल्या मुलींच्या संघाचे आहे. केमन यांनीच पुढे देशोदेशींच्या संघांसाठी ‘फर्स्ट ग्लोबल’ ही स्पर्धा सुरू केली. तिचे पहिले वर्ष 2017, स्थळ वॉशिंग्टन आणि विषय शुद्ध पाण्याचा. मैदानातील निळे चेंडू म्हणजे पाणी आणि नारिंगी चेंडू म्हणजे त्यातील दूषित घटक. हेरातच्या सहा मुलींना व्हिसा दोनदा नाकारला गेला आणि यंत्राचे सुटे भागही त्यांच्या हाती उशिरा पडले. तरीही त्या पोहोचल्या आणि धैर्याबद्दलचे रौप्यपदक घेऊन परतल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्टोनियातील एका स्पर्धेत या संघाने पारितोषिक मिळविले. त्या वेळी त्यांनी मांडलेले यंत्र होते लहान शेतकऱ्यांना शेतकामात मदत करणारे, सौरऊर्जेवर चालणारे. हेरात हा केशराच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेला प्रांत. शेतकऱ्याची गरज या मुलींना परकी वाटली नसावी. पुढे 2020 च्या महासाथीत याच संघातील मुलींनी टोयोटा कोरोला मोटारीचे भाग वापरून स्वस्त कृत्रिम श्वसनयंत्राचा नमुना तयार केला. ऑगस्ट 2021 मधील सत्तांतरानंतर मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या आणि संघातील अनेक जणींना देश सोडावा लागला.

आपल्याकडील चित्र सुदैवाने निराळे आहे. ‘अटल इनोव्हेशन मिशन’च्या माध्यमातून देशभरातील सुमारे दहा हजार शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या आहेत आणि आणखी 50,000 प्रयोगशाळा पाच वर्षांत सरकारी शाळांत उभारण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली आहे. साधने येत आहेत. प्रश्न आहे तो ही साधने कोणत्या कामाला जुंपायची याचा.

या बाबतीत आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने टाकलेले एक पाऊल मला विशेष अर्थपूर्ण वाटते. हा प्रकल्प अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी स्पर्धा घेतो. रोपे लावणारा किंवा हरितगृहातील तयार भाजी ओळखून तोडणारा यंत्रमानव, असे शेतीचे विषयही तीत आले आहेत. परंतु त्याच प्रकल्पाने महाविद्यालयांच्या आवारात छोटी शेती उभारण्याचाही उपक्रम घेतला. म्हणजे पाणी, माती, कीड यांच्याशी आधी गाठ पडावी आणि मग यंत्राचा विचार व्हावा. संगणकाच्या पडद्यावरील टोमॅटो नेहमी गोल, लाल आणि पानांबाहेर असतो. खरा टोमॅटो पानाआड लपतो, अर्धा हिरवा असतो, आणि यंत्राच्या बोटांनी जरा जास्त दाबला की फुटतो.

विद्यार्थ्यांना या खऱ्या टोमॅटोपर्यंत नेण्याचे काम संशोधन केंद्रे सहज करू शकतील. ‘फर्स्ट’च्याच लहान मुलांसाठी असलेल्या लेगो लीगमध्ये संघाने एखादी खरी समस्या निवडून त्या विषयातील तज्ज्ञांशी बोलावे, अशी अपेक्षा असते. अन्नसुरक्षितता, पशू, पाणी हे तिचे विषय होऊन गेले आहेत. 2024 मध्ये अथेन्स येथे झालेल्या ‘फर्स्ट ग्लोबल’चा विषयही जगाचे अन्न हाच होता. तेव्हा दारावर येणाऱ्या विद्यार्थ्याला माहितीपत्रक देऊन परत पाठवू नये.

त्याच्या हातात बहुधा मातीतील ओलावा मोजणारा छोटा संवेदक असेल. शाळेच्या कुंडीत तो चोख चालला असेल. काळ्या जमिनीत मात्र ती सुकू लागली की आकसते, भेगा पडतात, संवेदक आणि माती यांच्यामध्ये हवा शिरते आणि आकडे बिनसतात. बिघाड यंत्रात नसून जमिनीच्या स्वभावात आहे, हे त्याला मृदाशास्त्रज्ञ पाच मिनिटांत दाखवू शकेल. त्यासाठी त्याला केंद्राच्या प्रक्षेत्रावरील एक वाफा हवा आहे, आणि तोही एका दिवसापुरता नव्हे, तर पेरणीपासून काढणीपर्यंत.